गुणपत्रिकेतील पहिली ओळ

बदलीच्या नोकरीत माणसाला पुष्कळ गोष्टींची सवय होते. पाण्याची चव बदलते, तांदळाचा दाणा बदलतो, घरमालकाची भाषा बदलते, आणि वर्षा-दोन वर्षांत या सर्वांचे काही वाटेनासे होते. सवय होत नाही ती मुलांच्या शाळेची. ज्या राज्यात जावे तेथील दहावीचे नियम निराळे, आणि त्या नियमांतला सर्वांत नाजूक प्रश्न भाषेचा. मुलाला गणित किती यावे याविषयी निरनिराळ्या परीक्षा-मंडळांत फारसे दुमत नसते. परंतु कोणती भाषा आल्याखेरीज त्याला उत्तीर्ण म्हणू नये, याचे उत्तर प्रत्येक राज्याने आपापल्या इतिहासातून काढलेले असते. आपण परप्रांतीय त्या इतिहासात मध्येच येऊन दाखल होतो, आणि त्याचा जाब आपल्या मुलांना द्यावा लागतो.

माझे सध्याचे बिऱ्हाड सिरुसेरीला आहे. चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलीपुरम् रस्त्याने गेले की नावलूर आणि पडूर यांच्या आसपास हे गाव लागते. एके काळी भातखाचरे आणि तळी यांच्या आधाराने राहिलेल्या या भागात राज्याच्या औद्योगिक महामंडळाने संगणक-उद्योगांची वसाहत उभारली आणि गावाभोवती उंच इमारतींचे रान माजले. भारतातील बहुतेक प्रांतांची माणसे येथे नांदतात. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तळमजल्यापासून आठव्या मजल्यापर्यंत जाता जाता चार भाषा कानी पडतात. येथील भाडे शहराच्या मानाने परवडते, म्हणून माझ्यासारखा केंद्र सरकारचा कारकूनही या गर्दीत सामावून गेला आहे.

या गर्दीतील पालकांचा नित्याचा विषय म्हणजे तमिळ. तमिळनाडूच्या विधिमंडळाने २००६ साली तमिळ शिक्षणाचा अधिनियम संमत केला. २००६-०७ मध्ये पहिलीत बसलेल्या मुलांपासून तमिळ सक्तीची झाली, दर वर्षी एकेक इयत्ता चढत गेली, आणि २०१५-१६ मध्ये दहावीला पोहोचली. अधिनियमाने अभ्यासक्रमाचे चार भाग केले. पहिल्या भागात तमिळ, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे, आणि चौथ्यात, ज्यांची मातृभाषा या दोहोंपैकी नाही अशांसाठी, ऐच्छिक म्हणून त्यांची मातृभाषा. राज्य मंडळाच्या दहावीत पाच विषय, प्रत्येकी १०० गुण, आणि प्रत्येकात निदान ३५ मिळवल्यावाचून सुटका नाही. गुणपत्रिकेची पहिली ओळ तमिळची. पुढे २०१४ च्या आदेशाने इतर मंडळांच्या शाळांतही २०१५-१६ पासून, पहिलीपासून टप्प्याटप्प्याने, तमिळ शिकवण्याचे ठरले.

तेलुगू, कन्नड, मल्याळम, उर्दू बोलणारी कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या राज्यात राहत आली आहेत. त्यांच्या संस्थांनी या सक्तीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत त्या न्यायालयाने भाषिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांना त्या वर्षीच्या दहावीत तमिळच्या प्रश्नपत्रिकेतून सवलत दिली. म्हणजे वाद केवळ आमच्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्यांचा नाही. तो घरच्या माणसांतलाही आहे.

आम्हां मराठी मंडळींच्या बैठकीत हा विषय निघाला की बहुधा एकच सूर लागतो. “आमची पोरे इथे तीन-चार वर्षांची धनी. त्यांच्या मानेवर हे जू कशाला?” तक्रार स्वाभाविक आहे. परंतु हीच मंडळी २०२० च्या फेब्रुवारीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली तेव्हा, एकमेकांचे अभिनंदन करीत होती. तो अधिनियमही पहिली आणि सहावी या इयत्तांपासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवण्यात आला. महासाथीतील व्यत्यय ध्यानात घेऊन २०२३ मध्ये इतर मंडळांच्या शाळांना काही काळ गुणांऐवजी श्रेणी देण्याची मुभा मिळाली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना ती सवलत खटकली. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणण्याचे शासननिर्णय महाराष्ट्र सरकारला जूनअखेर मागे घ्यावे लागले, तेव्हा याच बैठकीत पेढे वाटले गेले. पुण्यात आलेल्या तमिळ अधिकाऱ्याच्या मुलाने मराठी शिकलीच पाहिजे, आणि चेन्नईत आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या मुलाला मात्र तमिळ माफ असावी, ही दोन्ही मते एकाच माणसाने एकाच चहाच्या पेल्याबरोबर मांडणे मला अवघड वाटते.

१९३८ मध्ये मद्रास इलाख्यातील शाळांत हिंदी सक्तीची झाली तेव्हा, आणि पुन्हा १९६५ मध्ये, या प्रांताने भाषेसाठी रक्त सांडले. १९६८ च्या जानेवारीत येथील विधानसभेने त्रिभाषा सूत्र नाकारून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा शाळांत ठेवल्या. गुणपत्रिकेतील त्या पहिल्या ओळीमागे एवढा इतिहास आहे. मुंबईसाठी १०६ हुतात्मे दिलेल्या प्रांतातून आलेल्या माणसाला तो कळायला वेळ लागू नये.

एवढे म्हणूनही माझ्या घरातला प्रश्न सुटत नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पहिलीपासून ती येथील राज्य मंडळाच्या शाळेत शिकते. यंदा सहावीत जाताना केंद्रीय विद्यालयाचा विचार पुढे आला. बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ही योजना १९६२ मध्ये मंजूर झाली, लष्करी तुकड्यांच्या वीस शाळा हाती घेऊन १९६३ मध्ये ती सुरू झाली, आणि प्रवेशात आपल्याला अग्रक्रमही आहे. कचेरीतील माझे वऱ्हाडी मित्र मला कळवळून सांगत होते, “अहो, देशभर एकच पुस्तक! बदली झाली तरी पोरीचं एक पान चुकायचं नाही. तमिळ घेऊन नागपुरात काय करणार ती?”

त्यांचे म्हणणे व्यवहाराचे आहे, आणि ज्यांची बदली डोक्यावर टांगलेली असते त्यांनी ते अवश्य मानावे. पण मुलीचे तमिळ आता तिच्या अंगी मुरले आहे. सुरुवातीस क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर कसे, म्हणून ती हैराण होई. मात्र ‘ळ’ तिला घरचाच होता. उत्तरेकडील तिच्या मैत्रिणी ज्या उच्चारापाशी अडखळत तो ती खेळासारखा करी आणि तमिळमधला तो तिसरा, जीभ आत वळवून काढायचा वर्णही तिने शेजारच्या आजींकडून उचलला. भाजीवालीशी ती घासाघीस करते तेव्हा मी पिशवी धरून उभा असतो. अशा मुलीच्या हातून ही भाषा दहावीच्या चार वर्षे आधी काढून घेणे मला जिवावर आले. आम्ही उभयतांनी तिला तेथेच ठेवायचे ठरवले.

तो निर्णय कळताच माझी आई साताऱ्याहून फोनवर एवढेच म्हणाली, “शिकू दे बाबा. पण मी लिहिलेली चिठ्ठी तिला वाचता येईल ना?”

आईच्या या प्रश्नाने मला खरी अडचण दाखवली. समजा, दोन वर्षांनी माझी बदली पुण्यास झाली. तेथे २०२० चा अधिनियम माझ्या मुलीसमोर मराठीचे पुस्तक ठेवील, आणि जी भाषा ती जन्मापासून बोलते तिच्यात ती कागदावर परकी ठरेल. मराठी तिला बोलता येते, ऐकता येते, रुसता येते. निबंध लिहिता येत नाही. इथल्या परीक्षेने ती भाषा तिला कधी विचारलीच नाही, आणि परीक्षा जे विचारत नाही ते लिहिण्याची सवड शाळकरी मुलाला नसते.

याचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. १८५५ पर्यंत तेथे मराठी राज्य होते. सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर भोसल्यांच्या कुळाचा सविस्तर इतिहास देवनागरी अक्षरांत कोरला गेला. त्या काळी येथे आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. चेन्नईत अशी घरे मी पाहिली आहेत. त्यांची मराठी कानाला जुनी, गोड लागते. पण लिहायची वेळ आली की बहुतेक जण ती तमिळ अक्षरांत लिहितात. साडेतीनशे वर्षे तोंडात राहिलेली भाषा हातातून गेली, आणि पूर्वजांनी दगडात कोरलेला मजकूर त्यांतील बहुतेकांना वाचता येत नाही.

याच समाजात कुंभकोणम येथे १८२८ मध्ये टी. माधवराव जन्मले. मद्रासच्या हायस्कुलातून १८४६ मध्ये ते पहिल्या श्रेणीत बाहेर पडले, काही काळ अकाउंटंट जनरलच्या कचेरीत आपल्यासारखीच चाकरी केली, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. परप्रांतातील परीक्षा मनापासून देणाऱ्या मराठी माणसाचे नुकसान होत नाही, हे त्यांच्याकडे पाहून पटते. राहतो तो लिहित्या मराठीचा प्रश्न, आणि तो आपल्याच माथी आहे.

तेव्हा या मासिकाच्या वाचकांपुढे मला दोन गोष्टी ठेवावयाच्या आहेत. पहिली अशी की, जेथे नेमणूक आहे तेथील भाषेच्या परीक्षेतून सुटण्याच्या वाटा शोधण्यापूर्वी, मुलाला ती भाषा आवडू लागली आहे काय हे एकदा विचारून पाहावे. दुसरी अशी की, या राज्याच्या अधिनियमात चौथा भाग आहे. त्यात मातृभाषेला जागा आहे. आमच्या शाळेत मराठी शिकवणारे कोणी नाही, आणि एका कारकुनाच्या एका मुलीसाठी कोणी शिक्षक नेमणार नाही. परंतु एकेका वस्तीतील दहा-पंधरा मराठी घरांनी मिळून अर्ज केला, तर शाळेला तो निदान वाचावा लागेल. न्यायमूर्ती रानड्यांनी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट केली. आपल्याला तर केवळ एका अर्जावर सह्या गोळा करावयाच्या आहेत.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत आमच्या घरी दर रविवारी दुपारी आजीला पत्र लिहिले जाते. फोन हाताशी असताना पत्र कशाला, अशी कुरकुर पहिले काही रविवार झाली. पत्र चार ओळींचेच असते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर असतात आणि मधूनच एखादे तमिळ अक्षर डोकावते. आई त्या चुका लाल शाईने सुधारते आणि पत्र परत धाडते. तिच्या गुणदानात ३५ ची मर्यादा नाही; परवाच्या पत्राला तिने शंभरपैकी अठ्ठावीस दिले आहेत आणि खाली लिहिले आहे, “पुढच्या पत्रात तुमच्या तमिळच्या बाईंविषयी लिही.”