चिंचोक्यांचं वेळापत्रक

शिक्षक कॉलनी नसलेलं तालुक्याचं गाव महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. सोसायटीचं कर्ज काढून बांधलेली एका साच्यातली बैठी घरं, पुढे जास्वंद, मागे पेरू आणि दारावरच्या पाटीवर नावाखाली बी.ए., बी.एड. आम्ही त्या कॉलनीतली पोरं. घराघरात घड्याळं होती, पण वेळ सांगायची ती तासांत. "दूधवाला आज पहिल्या तासाला आला." "गॅसची टाकी तिसऱ्या तासाला येऊन परत गेली." दवाखान्यातल्या काकूंना बघायला जायचं तर आई म्हणणार, "माझा सातवा-आठवा ऑफ आहे, मी शाळेतून परस्पर जाऊन येते." पोरगं नुसतं बसलेलं दिसलं की, "काय रे, ऑफ तास आहे वाटतं?" धाकट्याने मोठ्याच्या वाटणीचं दळण आणलं तर तो बदली तास. लांबलचक काम, म्हणजे वर्षाचे गहू निवडणं वगैरे, हा जोडतास. आणि पाहुणे उठायचं नावच घेत नसतील, तर वडील आत येऊन हळूच विचारत, "घंटा कधी आहे?"

दर शाळेत एक शिक्षक असे, ज्याच्या गळ्यात वेळापत्रक पडे. तो बहुधा गणिताचा असे, आणि बहुधा त्याला नाही म्हणता येत नसे. आमच्या घरी ते वडिलांकडे होतं. मे सरता सरता हेडसरांचा निरोप येई आणि माजघरातली सतरंजी उचलली जाई. फरशीवर कॅलेंडरचा पुठ्ठा, त्यावर पट्टीने आखलेल्या चौकटी. आडव्या ओळीत तास, उभ्या ओळीत तुकड्या, वाराला एक पुठ्ठा. शिसपेन्सिल, खोडरबर आणि आईच्या डब्यातले चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एक तास. म, हिं, इं, ग, शा, इ-भू अशी अक्षरं चिकटपट्टीवर लिहून चिंचोक्यांना डकवायची, हे आम्हा पोरांचं काम. त्या आठवड्यात माजघरातून चालायचं ते भिंतीला धरून. एकदा मांजर चालून गेलं आणि नववी ब-ला मंगळवारी सलग चार तास भूगोल आला.

अकरा ते पाच शाळा, म्हणजे ३६० मिनिटं. प्रार्थनेची १५, छोटी सुट्टी १०, मधली सुट्टी ५०. पहिला तास ४० मिनिटांचा, कारण वर्गशिक्षकांना हजेरी घ्यायची असे. बाकीचे सात तास ३५-३५ चे. बेरीज करून बघा, बरोबर ३६० येते. ही बेरीज आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होती. शनिवारची शाळा सकाळची, तिचा हिशेब निराळा, आणि तो कधीच नीट बसत नसे.

चिंचोके मांडण्यातली गोम बाहेरच्याला कळत नाही. त्याला वाटतं, चौकटी भरल्या की झालं. पण एकच बाई एकाच वेळी आठवी अ आणि दहावी क-मध्ये कशा असतील? म्हणून पुठ्ठा भरला की वडील प्रत्येक तासाच्या चौकटींवरून बोट फिरवत आणि आम्ही "टक्कर!" म्हणून ओरडायला टपलेले. गणित शक्यतो मधल्या सुट्टीच्या आत. पी.टी. जेवणानंतर लगेच नको, पोरांना उलट्या होतात. मैदान एकच, म्हणून दोन वर्ग एकदम सोडायचे नाहीत. चित्रकलेचे सर अख्ख्या शाळेला एक. प्रयोगशाळेची किल्ली एक, आणि प्रयोगाला जोडतासच हवा, कारण पहिला तास चंचुपात्रं पुसण्यातच जातो.

सगळ्यांत अवघड भाषा. आठवीपासून कुणाला संपूर्ण हिंदी, कुणाला संपूर्ण संस्कृत, कुणाला दोन्ही निम्मं-निम्मं, म्हणजे संयुक्त. त्या तासाला वर्ग फुटायचा. संस्कृतवाले वह्या घेऊन पलीकडच्या खोलीत, हिंदीवाले जागेवर, आणि संयुक्तवाले आज काय वार आहे ते एकमेकांना विचारत व्हरांड्यात. म्हणजे हिंदीचा चिंचोका हलवला की संस्कृतचा हलवायला हवा, तो हलवला की पलीकडची खोली रिकामी हवी, आणि ती रिकामी करायची तर सातवीला मैदानावर पाठवायला हवं, जिथे आधीच सहावी असते. रात्री अकराला वडील "झालं!" म्हणत आणि सव्वाअकराला "छे!" म्हणत.

हा झाला चौकटींतला भाग. आमच्या मते खरं वेळापत्रक असे ते समासात. पुठ्ठ्याच्या कडेला वडिलांनी बारीक अक्षरात टिपणं केलेली असत. शेजारच्या गावाहून येणाऱ्या सरांची एस.टी. सव्वाअकराला पोचते, त्यांना पहिला तास नको. अमक्या बाईंचं बाळ तान्हं आहे, मधल्या सुट्टीला लागून पाचवा ऑफ द्यावा, म्हणजे घरी जाऊन पाजून येतील. तमक्या सरांचे गुडघे गेलेत, त्यांचे वर्ग तळमजल्यावर. दोन सरांचं आपसात बोलणं नाही, त्यांना एका वेळी ऑफ देऊ नये. या गोष्टी कुणी अर्ज करून मागत नसे. संध्याकाळी चहाला येऊन, इकडचं-तिकडचं बोलून, चप्पल पायात घालता घालता सांगत. आई कपबशा उचलताना म्हणे, "बाईंना पाचवा हवाय, ऐकलंत ना?" वडिलांनी समासात आधीच लिहिलेलं असे.

हौसेने मागणारेही होते. शनिवारचा शेवटचा तास कुणालाच नको. दहावी अ सगळ्यांना हवी, आठवी फ कुणालाच नको. तुकड्या गुणांवर पडत आणि चांगले शिक्षक वरच्या तुकड्यांच्या चौकटीत बसत. फ तुकडीला नवखे, कंटाळलेले किंवा पी.टी.चे सर भूगोल शिकवायला. वेळापत्रकाचं कितीही कौतुक असलं, तरी हे चुकीचंच होतं. फ-मधली आमची मित्रमंडळी आज भेटली की अजून ते बोलून दाखवतात, आणि आमच्याकडे उत्तर नसतं.

वेळापत्रक एकदाचं भिंतीवर लागलं की नियोजनाचा मोसम. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि रोजचं टाचण. आठवड्याचं टाचण रविवारी संध्याकाळी निघे. त्या वेळी कॉलनीत क्रिकेटचा आवाज चालत नसे. विषय, घटक, उपघटक, उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शैक्षणिक साधने, स्वाध्याय. साधनांच्या रकान्यात 'खडू, फळा, नकाशा' ठरलेलं. तो नकाशा ट्रंकेत असे आणि ट्रंकेची किल्ली हेडसरांकडे. जुन्या टाचणावरून नवं टाचण उतरवणं हे काही पाप मानलं जात नसे. फक्त तारीख बदलायला विसरायचं नाही. कॉलनीतले एक सर विसरले, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी 'गवताचे प्रकार' शिकवल्याची नोंद सहीनिशी कायम झाली.

नियोजनात दिवस मोजणं आलं. बारा महिन्यांतून उन्हाळा वजा, दिवाळी वजा, रविवार वजा, गणपती, नाताळ वजा. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक वजा. स्नेहसंमेलन, खेळांचे सामने, सहल वजा. मतमोजणी आणि जनगणना आली तर शिक्षकच वजा. उरले ते दिवस धड्यांत वाटायचे. जानेवारी उजाडला की कॉलनीत भेटणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, "पोर्शन कुठवर आलाय?" मग जादा तास. हे जादा तास सकाळी सातला, थंडीत, स्वेटर घालून; त्याचे पैसे कुणी मागितल्याचं आम्हाला आठवत नाही, चहा मात्र शाळेचा असे.

परीक्षेचीही आपली भाषा होती. भारांश म्हणजे कुठल्या घटकाला किती वजन. संविधान तक्ता म्हणजे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य यांना किती गुण हे चौकटीत बसवणं, बेरजा उभ्या-आडव्या जुळल्याच पाहिजेत. आमची आत्या डी.एड.ला होती तेव्हा हे तक्ते करता करता रडायची. पुढे तिनेच घरात हा शब्द चालू केला. श्रीखंड वाढताना धाकट्याच्या वाटीत जरा जास्त पडलं की ती म्हणे, "भारांश चुकला."

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. चौथीपर्यंत वर्ग आणि शिक्षक दोन. तिथे चिंचोक्यांचा काही उपयोग नव्हता. जोडवर्ग होता: पहिली आणि तिसरी एका खोलीत, पाठीला पाठ लावून. तिसरीला लेखी दिलं की पहिलीला तोंडी, पहिली पाटीवर गिरवायला बसली की तिसरीला फळ्याकडे तोंड करायला लावायचं. हुशार पोरगी मॉनिटर. पहिलीतली पोरं ऐकून ऐकून तिसरीच्या कविता म्हणत, हे कुठल्याच नियोजनात नव्हतं. साहेब तपासणीला येणार असले की आधी दोन दिवस गावात वर्दी लागे. 'दिपोटी येणार' म्हणत म्हातारी माणसं. हुद्द्याचं नाव कधीच बदललं होतं, पण गावाने दिपोटी सोडला नाही.

नावं बदलण्याबद्दल मात्र वडिलांच्या पिढीइतकं कुणी सोसलं नसेल. अकरावीच्या मॅट्रिकवर ते नोकरीला लागले. १९६७ साली बालभारती निघाली आणि सरकारी पुस्तकं आली. मग दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि जुनी अकरावी शाळेतून गेली. सूतकताईच्या जागी कार्यानुभव आला, मग समाजोपयोगी उत्पादक कार्य. एवढं लांब नाव वेळापत्रकाच्या चौकटीत मावेना, म्हणून वडिलांनी 'स.उ.का.' केलं. त्यात आम्ही खडू तयार केले. ते फळ्यावर उमटत नसत, पण बाहीवर चांगले उमटत.

आत्याच्या नोकरीत १९९५ चा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, २०१० पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन. नोंदवह्या वाढल्या. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले. हे तास साठ मिनिटांचे, आमच्या पस्तीस मिनिटांचे नव्हेत, हे आत्याने कॉलनीतल्या निवृत्त मंडळींना कट्ट्यावर बसून समजावलं. त्यांना ते पटलं नाही. मग अध्ययन निष्पत्ती आल्या. आत्याची निवृत्ती जवळ आली होती. प्रशिक्षणाहून घरी आली की ती नवा शब्द सांगे आणि वडील विचारत, "म्हणजे पूर्वीचं काय?" ती सांगे, "उद्दिष्टे व स्पष्टीकरणे." वडील पुन्हा पेपरात डोकं घालत. थट्टा केली तरी आकारिकमध्ये एक चांगलं होतं, हे आत्या आजही सांगते: गप्प बसणाऱ्या पोराबद्दल वर्षातून चार ओळी तरी लिहायला लागतात, आणि लिहायच्या तर त्याच्याकडे बघावं लागतं.

या सगळ्या नियोजनाची अंमलबजावणी एका माणसाच्या हाती होती, ती शिपाईमामांच्या. व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि लोखंडी दांडा. मामांना तंबाखू मळायची असली की सहावा तास चाळीस मिनिटांचा होई. पाऊस येतोसं वाटलं की आठवा पंचविसाचा. हेडसर घड्याळ बघत, मामा आभाळ बघत.

आता वेळापत्रक संगणकावर होतं. टक्कर झाली की चौकट लाल होते, कुणी ओरडावं लागत नाही. वडिलांना हे यंत्र मिळालं असतं तर त्यांनी आनंदाने चिंचोके परत केले असते. त्यांच्या जून महिन्यातल्या जागरणांचे गोडवे गायला आम्ही तरी तयार नाही. कुणाला कुठला तास नको तेही त्यात भरता येतं म्हणे. फक्त ते आधी कुणीतरी विचारून घ्यावं लागतं.

वडील निवृत्त झाले तेव्हा पुठ्ठे, टिपणं, सगळं एका पिशवीत घालून त्यांनी नव्या सरांना दिलं. ते सर संगणकाचे, हुशार, कामसू. त्यांनी जुन्या नोंदी एकूण एक भरून घेतल्या. काही वर्षांनी ते घरी आले, चहा झाला, आणि चप्पल घालता घालता म्हणाले, "सर, एक विचारायचं राहिलं. एका बाईंच्या नावापुढे 'पाचवा ऑफ ठेवणे' असं आहे. त्या गेल्यावर त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, मग तिसऱ्या. मी दर वर्षी पाचवा सोडतोय. शासनाचा जी.आर. आहे का तसा?"

वडिलांनी सांगितलं, ते बाळ आता इंजिनिअर झालंय, पुण्याला असतं.

सर जरा वेळ उंबऱ्यात उभे राहिले. पुढच्या जूनमध्ये तो पाचवा तास त्यांनी स्वतःकडे घेतला, असं ऐकलं. डबा निवांत खाता येतो म्हणे.