मुक्कामी गाडीचा डबा

वाटेवर खायचा डबा कसा भरावा, हे तो किती तासांनी उघडायचा आहे यावर ठरते. कचेरीत नेलेला डबा चार-पाच तासांत संपतो, त्यामुळे त्यात काहीही चालून जाते. एसटीच्या मुक्कामी गाडीवरच्या चालक-वाहकांचे तसे नसते. दुपारी आगारातून सुटलेली गाडी रात्री आठ-नऊला शेवटच्या गावी पोचते, तिथेच मुक्काम करते आणि पहाटे माघारी फिरते. सकाळी अकराला घरी रांधलेले अन्न रात्री नऊला तोंडात पडते आणि उरलेले दुसऱ्या दिवशी न्याहारीला लागते. औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी, टेम्पोचालक, तालुकाभर हिंडणारे वायरमन यांचीही हीच गत.

शिजवलेल्या अन्नात जंतू वाढायला 5 ते 60 अंश सेल्सियस हे तापमान सोयीचे असते. म्हणूनच असे अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा तास फिरणाऱ्या डब्याला हा नियम पाळणे अशक्य वाटते, पण तो मुख्यतः ओलसर अन्नाला लागू आहे. जंतूंना वाढायला मोकळे पाणी लागते. मीठ, साखर वा गुळाने धरून ठेवलेले पाणी त्यांच्या उपयोगाचे नसते. या मोकळ्या पाण्याचे माप 0 ते 1 असे मोजतात. शुद्ध पाणी 1 धरले, तर बहुतेक जिवाणू 0.91 च्या खाली वाढत नाहीत आणि 0.6 च्या खाली बुरशीचेही काही चालत नाही. महाराष्ट्रातल्या शिदोरीचे जुने पदार्थ या मोजपट्टीवर पाहिले, की त्यांच्यामागचा विचार उलगडतो.

पिठले आणि झुणका यांतला फरक त्यासाठी पुरेसा आहे. दोन्हीकडे तेच बेसन, तीच फोडणी. पिठले पातळ, घरात गरम भाताबरोबर खायचे. दुपारी बंद केलेल्या डब्यात ते रात्रीपर्यंत आंबूस होते. झुणका मात्र कांद्याचे पाणी आटेपर्यंत, कडेने तेल सुटेपर्यंत परतलेला असतो. पूर्ण कोरडा झालेला झुणका रात्रीपर्यंत बराच निर्धोक राहतो. नीट परतला नसेल तर हाताला मऊ, चिकट लागतो. असा झुणका लांबच्या डब्यात देऊ नये.

दशमीचेही तसेच. पीठ पाण्याऐवजी दुधात, बहुधा गूळ विरघळवून मळतात, तेल वा तूप लावून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे ती दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही. गूळ आणि जास्त वेळ भाजणे यामुळे मोकळे पाणी कमी राहते. प्रवासाला दशम्या देण्यामागे सोवळ्याचे कारण सांगितले जाई, पण टिकाऊपणाचे कारण तितकेच खरे आहे. सोलापूरची कडक भाकरी याच वाटेवर सर्वांत पुढे गेलेली. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळवली की ती कोरड्या जागी कित्येक आठवडे राहते. तिच्यासोबत उखळात कुटून तेल सुटलेली शेंगा चटणी घेतली, की जेवण उभे राहते.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे भात. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदूळ शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी सोडलेले उलटी आणणारे विष पुन्हा उकळूनही जात नाही. त्यामुळे रात्री खायच्या डब्यात भात नसावा. मसालेभात, पुलाव यांनाही सूट नाही. ओल्या नारळाची चटणी, मोडाची रसदार उसळ, दाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर हे सारे दुपारच्या जेवणापुरते. काकडी न्यायचीच तर अख्खी न्यावी, खाताना चिरावी आणि तेव्हाच मीठ लावावे, म्हणजे तिला आधीच पाणी सुटत नाही.

डबा भरण्यात होणारी सर्वांत मोठी चूक घाईची असते. तव्यावरची पोळी सरळ डब्यात टाकून झाकण लावले की आतल्या वाफेचे पाणी होते, पोळ्यांना घाम सुटतो आणि खालच्या दोन पोळ्या चिकटतात. कोरडा पदार्थ असा डब्यातच ओला होतो. पोळ्या सुती फडक्यावर पसरून वाफ जिरू द्यावी, मग फडक्यासकटच डब्यात ठेवाव्यात. भाजी वेगळ्या पुडात, तीही पूर्ण निवल्यावर. भरलेला डबा इंजिनाच्या बॉनेटजवळ ठेवून ‘गरम’ राखणे घातक आहे. तिथली ऊब अन्न 40 अंशांच्या आसपास नेते. जंतूंना हवी असते ती हीच ऊब. डबा सावलीत, सीटखाली, ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवणे चांगले.

कोरडे जेवण पोषणात कमी पडते, हा समज चुकीचा आहे. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिने लागतात. दोन भाकऱ्यांच्या 100 ग्रॅम पिठातून सुमारे 10, 40 ग्रॅम बेसनाच्या झुणक्यातून आठ-नऊ आणि 30 ग्रॅम दाण्यांच्या चटणीतून सात ग्रॅम मिळतात. म्हणजे दिवसाची जवळपास निम्मी गरज एका जेवणात भागते. वडापाव आणि गोड चहाने ती भागत नाही. उणीव असते ती पालेभाजी-फळांची. मेथी पिठात मळून धपाटे केले, वर एक पेरू आणि लिंबाची फोड दिली, की पुष्कळसे भरून निघते. लोणचे आणि ठेचा मात्र बेताने: दिवसाच्या मिठाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.

गाडी चालवणाऱ्याने एका बैठकीत पोट भरू नये. दुपारी दोन ते चार या वेळात शरीर मुळातच सुस्तावते, त्यात जड जेवणाची भर पडली की डोळ्यांवर झापड येते. निघण्यापूर्वी अर्धे जेवण, पाचच्या थांब्यावर मूठभर फुटाणे-गूळ, उरलेले मुक्कामाला, अशी वाटणी चालकाच्या आणि मागे बसलेल्या प्रवाशांच्याही हिताची. पाणी पिण्यात काटकसर होते ती बहुधा वाटेत स्वच्छतागृह नसते म्हणून. महिला वाहकांना याचा त्रास अधिक सोसावा लागतो, मूत्रमार्गाचे विकार मागे लागतात. याला डब्यात उपाय नाही. तो बसस्थानकावरच व्हायला हवा.

मुक्कामी पोचल्यावर रिकामा डबा तसाच झाकून ठेवू नये. झाकणाच्या रबरी कडीत अडकलेला भाजीचा अंश रात्रभरात आंबतो आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या अन्नाला विरजणासारखा लागतो. कडी काढून साबणाने घासावी, डबा उघडाच उपडा घालून सकाळपर्यंत वाळू द्यावा.