जशी आहे तशी, जिथे आहे तिथे

आयुष्यातली पहिली गाडी शोरूममध्ये घ्यायची असते, असं आपल्या डोक्यात अगदी पक्कं बसलेलं असतं. एसी, कॉफी, गाडीवरचं सॅटिनचं कापड, ते ओढताना काढलेला फॅमिली फोटो, मग नारळ आणि पेढे. माझी पहिली गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती वाघोलीच्या पुढे, एका पत्र्याच्या कंपाउंडमध्ये, घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून. कॉफी नव्हती. कुत्री मात्र भरपूर होती.

सुरुवात अर्थातच बँकेतून झाली. मी फ्रीलान्सर. महिन्यातून चार वेळा बारामती, सातारा, शिरूर असं फिरावं लागतं आणि रात्री एसटी स्टँडवर बसून बातमी टाईप करायचा रोमान्स पंचविशीनंतर ओसरतो. म्हणून कार लोन काढायला गेले.

‘सॅलरी स्लिप?’
‘नाही.’
‘फॉर्म सोळा?’
‘नाही.’
‘मग मॅडम, तुम्ही करता काय?’
‘लिहिते.’

समोरच्या मुलाने अत्यंत सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि दोन वर्षांचे रिटर्न आणायला सांगितले. ते पाहिल्यावर त्याची सहानुभूती आणखी वाढली. लोन काही मिळालं नाही.

म्हणजे आता फिक्स्ड डिपॉझिट मोडून जेवढे येतील तेवढ्यातच भागवायचं. साडेचार लाख. त्यात मला हवी होती सेडान. हॅचबॅक का नाही, असं सगळ्यांनी विचारलं. सगळ्यांना मी डिकी मोठी लागते, असं सांगितलं. खरं कारण नंतर सांगते.

मित्राच्या ओळखीने कोथरूडचे एक सेकंड हॅण्ड गाड्यांचे डीलर भेटले. ते म्हणाले, ‘माझ्याकडून घेतलीत तर मार्केटच्या भावाने पडेल. त्यापेक्षा मी जिथून उचलतो तिथूनच घ्या. माझ्या लॉगिनवरून बोली लावू. मला कमिशन द्या, बास.’

ते उचलतात कुठून? तर लिलावातून. हप्ते थकले की बँका आणि फायनान्स कंपन्या गाड्या ओढून आणतात आणि शहराबाहेरच्या यार्डात उभ्या करतात. मग त्यांचा लिलाव होतो. पूर्वी यार्डातच हात वर करून बोली लागायची, आता बहुतेक ठिकाणी ती मोबाइलवर लागते. बऱ्याच लिलावांत नोंदणी केलेल्या डीलरलाच प्रवेश असतो. आधी डिपॉझिट भरायचं, ठरलेल्या दिवशी गाडी बघून यायची. टेस्ट ड्राइव्ह नाही, वॉरंटी नाही, नंतर तक्रार नाही. नियम एकच, अ‍ॅज इज, व्हेअर इज. जशी आहे तशी, जिथे आहे तिथे.

शनिवारी सकाळी निघालो. डीलर, नाना पेठेतले आमच्या ओळखीचे मेकॅनिक काका, मी आणि बाबा. बाबांना मी बोलावलं नव्हतं. ते सकाळी बूट घालूनच हॉलमध्ये बसले होते.

यार्डात दोन-अडीचशे गाड्या असतील. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो पार्किंग लॉटच वाटेल. पण जवळ गेलं की एकेक दिसायला लागतं. आरशाला लटकलेली लिंबू-मिरची वाळून काळी झालेली. मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’. एका गाडीत बाळाची सीट तशीच बांधलेली. मी दोन फोटो काढले आणि मग मोबाइल खिशात ठेवला.

आमच्या यादीत पाच सेडान होत्या. मेकॅनिक काका कामाला लागले आणि पुढच्या दोन तासांत मी जे शिकले, ते मास कॉमच्या दोन वर्षांत शिकले नाही. त्यातलं थोडं तुमच्यासाठी.

टायरवर चार आकडे असतात. २२१७ म्हणजे २०१७ सालातला बाविसावा आठवडा. काचांवरही सालाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच नंतरची असेल, तर ती का बदलली ते विचारायचं. बॉनेटच्या आणि दरवाज्याच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल, तर तो पार्ट कधीतरी उतरलेला आहे. स्टेअरिंगचं कव्हर काढून बघायचं. मीटर चाळीस हजार सांगत असेल आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, तर दोघांपैकी पेडलवर विश्वास ठेवायचा.

आणि सीट बेल्ट. काकांनी प्रत्येक गाडीचा बेल्ट शेवटापर्यंत ओढून बघितला. तिसऱ्या गाडीत बेल्टच्या टोकाला मातकट रेघ होती. त्यांनी लगेच दार लावून टाकलं. ‘पाण्यात बुडालेली आहे. सीट धुतात, कार्पेट बदलतात, बेल्ट कोण ओढून धुतं?’ २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला होता, तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगरकडे गाड्या खेळण्यासारख्या एकमेकींवर चढल्या होत्या. अशा गाड्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला बातमी करतानासुद्धा पडला नव्हता.

चौथी गाडी होती पांढरी सियाझ. २०१७ ची, पेट्रोल, एमएच १२. डाव्या दाराला चर, बॅटरी मेलेली, सीटवर बुरशी. पण बेल्ट स्वच्छ, बोल्ट शाबूत, स्टेपनीखालचा पत्रा कोरडा. यार्डातल्या पोराने दुसरी बॅटरी आणून जोडली आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. मीटरवर ६८,४१२.

‘मीटर खरं आहे का?’ मी विचारलं.

‘खरंय,’ बाबा म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा हा पहिला शब्द.

ते पुढच्या सीटवर बसले होते. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांना एक छोटी डायरी सापडली होती. पेट्रोलची डायरी. तारीख, किलोमीटर, किती लिटर, किती रुपये. निळ्या पेनाने, सुबक अक्षरात, पहिल्या दिवसापासून. शेवटची नोंद ६८,३७० ची. काका खूश झाले. असा पुरावा सर्व्हिस सेंटरमध्येही मिळत नाही!

बाबा मात्र पानं उलटत होते. मग त्यांनी डायरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘उजवीकडचा आकडा बघ.’

सुरुवातीला प्रत्येक नोंदीपुढे ‘फुल्ल’ लिहिलेलं. अडीच हजार, तीन हजार. मग कुठेतरी ‘फुल्ल’ बंद झालं. १,०००. ५००. ५००. ३००. शेवटच्या दोन पानांवर २००, २००, १००, २००. तरीसुद्धा माणसाने एकही नोंद चुकवलेली नाही.

आता ते खरं कारण. आमच्याकडे एस्टीम होती. सोनेरी रंगाची. बाबांचं भोसरीत छोटं लेथचं वर्कशॉप होतं. २००८ च्या मंदीत ऑर्डरी आटल्या आणि २००९ मध्ये चार हप्ते थकले. मी तेव्हा सहावीत. सकाळी शाळेला निघताना दोन मुलं आली, बाबांशी हळू आवाजात बोलली, बाबांनी चावी दिली. आरडाओरडा नाही, काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कान उपटले होते की वसुलीसाठी दांडगाई चालणार नाही, त्यामुळे असेल किंवा ती मुलंच सभ्य असतील. मी त्या दिवशी रिक्षाने शाळेत गेले. घरात तो विषय परत कधी निघाला नाही. पण सेडान म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून ती मागची सीट येते.

परत येताना नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डीलर म्हणाले, ‘मॅडम, सियाझवर बाकी तिघंच येणार आहेत. तिघंही माझ्या उठण्याबसण्यातले. सांगून ठेवतो, कुणी वर जाणार नाही. तीन लाख वीसला सुटेल. पुढच्या वेळी मी त्यांच्यासाठी थांबेन. असंच चालतं.’

तीन वीस! मनातल्या मनात मी उरलेल्या पैशांचे नवे टायर बसवले, म्युझिक सिस्टीमही लावून टाकली.

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, ‘आपली एस्टीम सत्तर हजारांना गेली होती.’

गाडीत सगळे गप्प.

‘बाजारात दीड लाख तरी सहज होती. सत्तरला गेली. उरलेलं कर्ज मी पुढे दोन वर्षं फेडलं. नसलेल्या गाडीचं.’

हे मला माहीत नव्हतं. गाडी नेली म्हणजे हिशेब संपला, असंच मला वाटत होतं. तुम्हालाही वाटत असेल. तो संपत नाही. लिलावात आलेले पैसे कर्जखात्यात जमा होतात. कमी पडले तर उरलेली रक्कम त्याच माणसाच्या मागे लागते. जास्त आले तर वरचे त्याला परत मिळायला हवेत. म्हणजे वाघोलीच्या यार्डात चार माणसं आपसात ठरवून जे साठ-सत्तर हजार वाचवतात, ते बँकेचे नसतात. ते डायरीवाल्याचे असतात.

मी डीलरना म्हटलं, ‘नका सांगू कुणाला. जशी लागेल तशी लागू दे.’

ते आरशातून माझ्याकडे बघून हसले. ‘तुमचे पैसे, मॅडम.’

मी फार महान वगैरे आहे असं समजू नका. बाबा गाडीत नसते, तर मी काय केलं असतं हे मला खरंच सांगता येत नाही. आणि सोमवारी दुपारी मोबाइलवर बोली सुरू झाली तेव्हा तर मला माझा भयंकर राग आला. तीन लाखांवरून तीन वीस झाले, तीन चाळीस झाले. शेवटच्या मिनिटाला कुणी बोली लावली की वेळ पुन्हा वाढतो, त्यामुळे शेवट काही येईना. तीन साठ. तीन सत्तर. माझी मर्यादा तीन पंच्याहत्तर होती. बाबा शेजारी बसून पेपर वाचत होते, म्हणजे एकच पान वीस मिनिटं. तीन ऐंशीला मी मोबाइल उलटा ठेवला. मग परत उचलला. तीन लाख ब्याऐंशी हजार. स्क्रीनवरचं घड्याळ शून्यावर आलं आणि तिथेच थांबलं.

तेही लगेच नक्की होत नाही, बँकेची मंजुरी यावी लागते. ती तीन दिवसांनी आली. त्यानंतरचा हिशेब भाबड्या वाचकांसाठी. कमिशन आणि फी १८ हजार. जुनी चलनं साडेचार हजार. बॅटरी, दोन टायर, सर्व्हिसिंग ३१ हजार. इन्शुरन्स १४ हजार. आरटीओचे ९ हजार. एकूण चार लाख साठ हजारांच्या जवळपास. वरचे दहा हजार बाबांनी दिले, मी न मागता.

आणि कागदपत्रं! ओढून आणलेल्या गाडीच्या मूळ मालकाची सही सहसा मिळत नाही. मग फॉर्म ३६ भरून आरसी आधी फायनान्सरच्या नावावर होते आणि नंतर फॉर्म २९ आणि ३० भरून आपल्या. तेवढ्यात अडीच महिने गेले. गाडी सोसायटीत कव्हरखाली. वॉचमन रोज विचारायचा, ‘ताई, चालत नाही का?’

डायरी मी परत करायला निघाले होते. यार्डात चौकशी केली. त्यांनी खांदे उडवले. बँकेच्या ऑफिसात सांगितलं, मूळ मालकाचा पत्ता देता येणार नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. माझ्या जास्तीच्या बासष्ट हजारांनी त्याचं कर्ज फिटलं की नाही, हेही मला कधी कळणार नाही.

आरसी हातात आली त्या संध्याकाळी आम्ही दोघं सिंहगड रोडच्या पंपावर गेलो. मुलाने विचारलं, ‘कितीचं टाकू?’ मी हजार म्हणणार होते. महिनाअखेर होती.

‘फुल्ल कर,’ बाबा म्हणाले.

मग त्यांनी डॅशबोर्ड उघडला, डायरी काढली, खिशातलं पेन झटकलं. शेवटच्या २०० च्या खाली एक ओळ सोडली आणि तारीख घातली.