डॉक्टरकी सोडून खुनाच्या गोष्टी

मार्क ब्लँक हे नाव तुमच्यापैकी फारसं कुणी ऐकलं नसेल. (मावशी, तू तर नक्कीच नाही.) माणूस डॉक्टर. 1979 साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजातून एमडी झाला. तिकडे आपल्या एमबीबीएससारखी पहिली पदवीच एमडी असते. पण शिकत असतानाच एमआयटीतल्या मित्रांबरोबर 'झॉर्क' नावाचा गेम लिहीत होता. चित्र नाही, आवाज नाही. 'उत्तरेला जा' असं इंग्रजीत टाइप करायचं आणि पुढे काय झालं ते वाचायचं. त्याच वर्षी या मंडळींनी इन्फोकॉम कंपनी काढली. डॉक्टरकी राहिली ती राहिलीच.

मला स्वतःला झॉर्कपेक्षा त्याचा 1982 चा 'डेडलाइन' आवडतो. एक श्रीमंत गृहस्थ आतून बंद असलेल्या लायब्ररीत मेलेले सापडतात. औषधाचा ओव्हरडोस. आत्महत्या की खून? तुम्ही पोलीस इन्स्पेक्टर, हातात बारा तास, सकाळी आठ ते रात्री आठ. इथवर नेहमीचंच. गंमत अशी, की घरातली माणसं तुमच्यासाठी थांबत नाहीत. साधारण प्रत्येक हुकुमामागे एक मिनिट सरतं. नऊच्या सुमाराला बाईंना फोन येतो. तुम्ही तेव्हा बागेत असाल तर दुसऱ्या फोनवरून चोरून ऐकायची संधी गेली. बारा वाजता मृत्युपत्र वाचतात, तुम्ही हजर असा वा नसा. हे सगळं त्या काळच्या इवल्याशा फ्लॉपीत! पोलिसांनी घेतलेल्या जबान्या तीत मावेनात, म्हणून त्या कागदावर छापून खोक्यात घातल्या. सोबत लॅबचा रिपोर्ट, घटनास्थळाचा फोटो आणि कहर म्हणजे प्रेताजवळ सापडलेल्या पांढऱ्या गोळ्या. डॉक्टरने गिऱ्हाइकाला खोट्या गोळ्या दिल्या म्हणायचं! पुढे अशा वस्तू इन्फोकॉमची ओळखच झाल्या.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमची भाची. एमबीबीएस झाली, आणि आता म्हणते, पीजी करायचं नाही, गेमच्या गोष्टी लिहायच्यात. घरात काय झालं असेल ते नातेवाईक वाचकांना ठाऊक आहेच. "सीट फुकट घालवली" हे वाक्य मी आठवड्यात चार वेळा ऐकलंय. मला ते पटत नाही. औषधाच्या डोसाभोवती फिरणारी खुनाची गोष्ट डॉक्टरला सुचणं यात शिक्षण वाया गेलं असं मला तरी दिसत नाही.

पण तिला अर्धीच गोष्ट सांगायची नव्हती. इन्फोकॉमने गेमचा पैसा कॉर्नरस्टोन नावाच्या डेटाबेसमध्ये घातला आणि तो बुडाला. 1986 मध्ये कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनने घेतली, 1989 मध्ये केंब्रिजचं ऑफिस बंद झालं. ब्लँकने 1987 मध्ये 'बॉर्डर झोन' लिहिला. त्यात तर तुम्ही काहीच टाइप केलं नाही तरी घड्याळ खरंखुरं पळतं. तोवर बाजार चित्रवाल्या गेमांकडे वळला होता. हेही तिला सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि डेडलाइन कुठे मिळेल ते विचारलं. काल रात्री तिचं मृत्युपत्राचं वाचन चुकलं. मग परत सकाळी आठपासून सुरुवात. जेवायला तीनदा हाक मारली, आली नाही. ताई माझ्यावरच चिडली आहे.