सुट्या सिगारेटची वकिली

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यावर बंदी घातली, तेव्हा आमच्या बाररूममध्ये त्या आदेशाची सगळ्यात जास्त टिंगल मी केली होती. करोनाचे दिवस, कोर्ट अर्धंमुर्धं चालू, पक्षकार गायब. टिंगलीला वेळही भरपूर. सज्ञान माणसाने काय खावं, काय फुंकावं हे सरकारने ठरवू नये, असं माझं मत होतं. धूर दुसऱ्याच्या नाकात जाऊ नये एवढं पाहावं, आणि ते तर मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच पाहिलं होतं. धोका छापून सांगावा. पाकिटाचा ८५ टक्के भाग त्यासाठी दिलेला आहेच. त्यापुढे ज्याची फुप्फुसं त्याच्या हवाली करावीत. मी स्वतः ओढतो, आजही ओढतो, तेव्हा हे मत मला सोयीचं होतं हे निराळं सांगायला नको.

पुढे एक टपरीवाला माझ्याकडे आला. ज्युनियर कॉलेजच्या भिंतीला लागूनच टपरी. तंबाखूविषयीच्या २००३ च्या कायद्याचं सहावं कलम सांगतं की अठराच्या आतल्या मुलाला विकायचं नाही आणि शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत तर कुणालाच विकायचं नाही. त्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंत. एवढ्यासाठी कुणी वकील करत नाही. पण पोलिसांनी बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलमही लावलं होतं. त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एकच सिगारेट, एकच गिऱ्हाईक. एका कायद्यात दोनशे रुपये, दुसऱ्यात सात वर्षं. अशी विसंगती वकिलाच्या हाती लागली की त्याला भूक लागते. मी फीदेखील घेतली नाही. जामीन झाला.

त्या प्रकरणात घोळ झाला तो मुलाच्या जबाबामुळे. अकरावीतला मुलगा. कुणीतरी विचारलं असेल तशी त्याने उत्तरं दिली होती: क्लासला जाताना एक घेतो, सुटल्यावर एक घेतो, पाकीट कधीच घेतलं नाही, घरी सापडलं असतं. मी ते वाक्य बचावाच्या दृष्टीने वाचलं आणि बाजूला ठेवलं. पण ते माझ्या डोक्यातून जाईना, कारण ते माझंही वाक्य होतं. दप्तरात पाकीट म्हणजे आईच्या हाती पुरावा. सुटी सिगारेट टपरीच्या मागे ओढायची, तोंडात बडीशेप किंवा पेपरमिंट टाकायची, की मागे काही उरत नाही. शिवाय पाकिटाचे पैसे त्या वयात एकरकमी असतातच कुठे? वडापावच्या पैशात एक येते.

मग मी बाररूममध्ये एक चाळा सुरू केला. जो ओढतो त्याला विचारायचं, पहिली कधी ओढली? कुणी नववीत, कुणी अकरावीच्या सहलीत, कुणी मामाच्या लग्नात मांडवामागे. माझ्यासारखे कायदेपंडित, उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडणारे. पण पूर्ण विचारांती, स्वतःच्या कमाईच्या पैशाने, पंचविशीनंतर सुरुवात केली असा एकही निघाला नाही. ज्या सज्ञान माणसाच्या निवडीसाठी मी भांडत होतो त्याने निवड केलेलीच नव्हती. ती त्याच्या वतीने एका पोराने केली होती. अज्ञानाने केलेला करार आपण कोर्टात फेकून देतो. हा मात्र आयुष्यभर पाळला जातो.

आम्ही बाररूमवाले म्हणजे काही देश नव्हे. पण २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांना हेच विचारलं होतं. साडेआठ टक्के मुलं तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होती. सिगारेट ओढलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी पहिली सिगारेट वयाची दहा वर्षं भरण्याआधी ओढली होती. दहा! मला वाटलं होतं मीच लवकर सुरू केली.

निकोटीनचं काम कसं चालतं हे मी उशिरा वाचलं, आणि त्याने माझ्या युक्तिवादाची उरलीसुरली हवा काढली. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत ते मेंदूत पोचतं. दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि माणूस अस्वस्थ होऊ लागतो. पुढची सिगारेट ती अस्वस्थता घालवते. मुलं म्हणतात, टेन्शन जातं. मीही मोठ्या युक्तिवादाआधी तेच म्हणायचो. पण जाणारं टेन्शन बहुतेक आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं. सावकाराने आपल्याच व्याजासाठी नवं कर्ज द्यावं तसं. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, म्हणून कोवळ्या वयात हे चक्र जास्त पक्कं बसतं. त्यात सीईटी, नीटचं वर्ष. चिडचिड, झोप उडणं, अभ्यासात लक्ष न लागणं, घरचे याला वय म्हणतात, क्लासवाले ताण म्हणतात, आणि मुलगा टपरीवर जातो.

सरकारचा आदेशही मी तेव्हा नीट वाचला नव्हता. त्यातला तर्क असा की, इशारा पाकिटावर असतो. सिगारेट सुटी विकली की गिऱ्हाइकाला इशारा दिसतच नाही. मला हा कायद्यातला किरकोळ कावा वाटला होता. आता वाटतं, त्यातच खरी गोम आहे. ८५ टक्के भागावरचं ते भयानक चित्र टपरीवाला दिवसभर बघतो. अकरावीतला मुलगा बघत नाही.

माझ्या जुन्या मतातलं काही मी अजून सोडलेलं नाही. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर सरसकट बंदी आली, साधी सिगारेट मात्र राहिली, आणि ती बनवणाऱ्या आयटीसीत सरकारी एलआयसीचा मोठा हिस्सा आहे. याला ढोंग म्हणायचं मी थांबवणार नाही. गुटखाबंदीला २०१२ पासून इतकी वर्षं झाली, पुड्या मिळतातच. आणि आपल्या राज्यात धूर काढणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे कितीतरी पट जास्त. २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांमध्ये ३.८ टक्क्यांविरुद्ध २४.४ टक्के. तेव्हा सिगारेटवर एवढं रामायण कशाला, असं एका सहकाऱ्याने विचारलं. बरोबर विचारलं. पण पुडी काय आणि सुटी सिगारेट काय, दोन्हींचं माप पोराच्या खिशाचं आहे. वयाची पाटी टपरीवर टांगलेली असते, माप गल्ल्यावर असतं.

बंदीने माझी स्वतःची अडचण झाली आहे, तीही सांगतो. मत बदललं म्हणून मी सुटी घेणं बंद केलं. आता खिशात पाकीट असतं आणि मी पूर्वीपेक्षा जास्त ओढतो. बायको म्हणते, हे कसलं तत्त्व? तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, एवढंच की मी पन्नाशीत आहे आणि नियम माझ्यासाठी केलेला नाही. सोडायचं म्हणून निकोटीनचं गम आणलंय. ते ड्रॉवरमध्ये आहे.

टपरीवाल्याची केस अजून चालू आहे. वकीलपत्र मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. घरी शिकणाऱ्या दोन मुली आहेत त्याच्या, आणि 'मी नाही दिली तर पलीकडचा देतो' हे तो म्हणतो ते खोटं नाही. हवालदारसुद्धा त्याच्याकडूनच सुटी घेऊन जायचा. फक्त सज्ञान नागरिकाचं स्वातंत्र्य हा मुद्दा मी माझ्या टिपणातून काढून टाकला आहे. त्याच्या जागी एक प्रश्न लिहिलाय: कॉलेजच्या भिंतीला लागून असलेल्या टपरीवर दर आठवड्याला माल पोचवणारा एजंट या प्रकरणात आरोपी का नाही? सरकारी वकिलांना तो प्रश्न आवडणार नाही.