उमरीची मोरी, गोदेचे पाणी

नांदेडहून धर्माबादकडे आगगाडीने निघाले की मुदखेडच्या पुढे उमरी लागते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील तरुणांनी ३० जानेवारी १९४८ रोजी येथल्या बँकेवर छापा घातला नि हे लहानसे गाव इतिहासात गेले. गोदावरी गावाला खेटून नाही. पण सांडपाण्याला तिची वाट बरोबर सापडते. मोरी गटारात, गटार ओढ्यात नि ओढा गोदेत!

वाहते पाणी निर्मळ, असे वडीलधारी माणसे म्हणत. ते खोटे नव्हे. वाहत्या पाण्यात हवा मिसळते नि तिच्या बळावर सूक्ष्म जंतू घाण खाऊन टाकतात. परंतु आता गोदा पूर्वीसारखी मोकळी वाहते कोठे? नांदेडच्या वर विष्णुपुरीचा बांध, खाली धर्माबादेजवळ बाभळीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात, मग मिटतात. म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास नदीचे तळे होते नि सोडलेली घाण पुढे न जाता आपल्याच दारी मुक्काम करते.

तेव्हा नदी फुकट करीत होती ते काम आता गावांनीच करायला हवे. सांडपाणी टाकीत निवळू द्यावे, त्यात हवा खेळवून जंतूंना राबू द्यावे, मगच ओढ्यात सोडावे. नांदेडसारखे मोठे तीर्थ असो की लहानशी उमरी, खर्च कोणालाच चुकत नाही. पावसाळ्यातले चार महिने पूर सारे धुऊन नेतो. उरलेल्या आठ महिन्यांची लाज मात्र आपल्याच हाती आहे.