कायनाइटची जबानी

महाराष्ट्राचा बहुतेक मुलूख बेसाल्टच्या अमलाखाली असल्यामुळे, रूपांतरित खडकांशी ज्याला सलगी करावयाची आहे त्याने एक तर दक्षिण कोकण गाठावे, नाहीतर सरळ नागपूर-भंडाऱ्याची वाट धरावी. तिकडचा शिस्ट उन्हात जरा कलता धरला, की त्यातील अभ्रकाचे पापुद्रे एकदम लखलखून उठतात. आणि हे पापुद्रे ज्या प्रतलात निजले आहेत, त्याच्याशी काटकोनात एके काळी प्रचंड दाब पडत होता, हे निराळे सांगावे लागत नाही.

विद्यार्थ्यांना आम्ही प्रथम शिकवतो ते वर्गीकरण या पोतावरचेच : पापुद्रे वा पट्टे दाखवणारे ते पाटीचा दगड, फिलाइट, शिस्ट आणि नाइस, न दाखवणारे ते संगमरवर, क्वार्ट्झाइट इत्यादी. संग्रहालयाच्या दप्तरी नोंद करावयास एवढा तपशील पुरतो. परंतु खडकाने काय सोसले, हे त्या नावांवरून फारसे उमगत नाही. आणि माझ्या मते खरी चौकशी तेथूनच सुरू होते.

जॉर्ज बॅरो याने १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील शिस्टांचे जे पट्टे आखले, ते त्यांत उपजलेल्या खनिजांवरून. पुढील संशोधकांनी ही उतरंड पुरी केली : मूळचा चिखल तोच, खडक वितळलेला नाही, परंतु उष्णता चढत जाईल तसतशी क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि अखेर सिलिमनाइट अशी खनिजे क्रमाने हजर होतात. यांतील शेवटच्या दोहोंचे रासायनिक घटक तंतोतंत सारखे, आणि भंडारा जिल्ह्यात दोन्ही सापडतात. कायनाइटचे निळसर पाते हाती लागले, तर त्यावर लांबीच्या दिशेने चाकू ओढून पाहावा, ओरखडा उमटतो. तोच चाकू आडवा ओढला, तर पाते दाद देत नाही.

डोंगर झिजून खडक थंड होत वर आला, तेव्हा ही खनिजे पूर्वस्थितीस का गेली नाहीत, असा रास्त प्रश्न एखादा चिकित्सक विद्यार्थी करतोच. तापताना खनिजांतील बरेचसे पाणी निघून गेलेले असते, आणि पाण्यावाचून परतीच्या विक्रिया जवळजवळ ठप्प होतात. जेथे भेगांतून ते पुन्हा शिरले, तेथे गार्नेटच्या कडेने हिरवट क्लोराइट धरलेला दिसतो. जवाहिऱ्याच्या लेखी असा दाणा कवडीमोल. मी मात्र निर्दोष दाण्यांच्या आधी तोच पिशवीत टाकतो, कारण चढ आणि उतार या दोहोंची जबानी त्याच्यापाशीच मिळते.